घरची भिंत, घरचेच हात

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात मी चार शब्द बोलावे, अशी मंडळाच्या चिटणीसांनी सूचना केली आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली. शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवर-सूचक कार्य इत्यादी विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते येथे बसलेले आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला एक मास्तर. माझा सारा जन्म खडू हाती घेऊन फळ्यापुढे गेला. झाडाची मुळे, गलबताचे शीड, शिवरायांचा घोडा, जे जे मुलांना शब्दांनी कळेना ते ते मी फळ्यावर काढून दाखवीत आलो. तेव्हा उभ्या पृष्ठभागावर चित्र कसे काढावे, एवढी एकच विद्या मजजवळ आहे. तीच आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्या राहत्या घराची एक भिंत आपल्या हाताने कशी चितारावी, हा माझा आजचा विषय.

हा विषय काहींना क्षुल्लक वाटेल, याची मला कल्पना आहे. समाजापुढे एवढे प्रश्न उभे असता मास्तर भिंती रंगवायला निघाले, असेही कोणी म्हणेल. परंतु भिंतीला रंग कोणी लावायचा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्यात आपल्या घरातील काही माणसांचा मान गुंतलेला आहे. त्याकडे मी क्रमाने येईन. तोवर थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भिंतीवर चित्र काढणे ही आपल्याकडे बाहेरून आलेली हौस नव्हे. अजिंठ्याची लेणी आपल्याच महाराष्ट्रात आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या सुमारे पाचव्या शतकापर्यंत तेथे काम झाले. पुढे ती रानात लपली आणि १८१९ साली शिकारीस निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. तेथील चित्रे पाहून आपण थक्क होतो. पण चित्राखालची भिंत कशी तयार केली, हे फारसे कोणी विचारीत नाही. कातळावर आधी माती, दगडाची भरड, वनस्पतींचे तंतू आणि भाताचा कोंडा यांचा लेप दिला. तो घोटून त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला. मग त्या कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारखे चिकट द्रव्य मिसळून रंग लावले. रंग तरी किती? तांबडी माती, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा. निळा तेवढा दूर अफगाणिस्तानातील खाणींतून येणाऱ्या रत्नाचा, राजवर्ताचा. बाकी सारे पायाखालचे. यातून दोन धडे मिळतात. चित्राचे आयुष्य चित्रापेक्षा त्याच्या खालच्या लेपावर अवलंबून असते, हा पहिला. आणि पाच रंग पुष्कळ झाले, हा दुसरा.

अलीकडच्या काळात या. वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवर पेशवाईच्या उत्तरकाळातील चित्रे आजही पाहावयास मिळतात. तळकोकणात आणि गोमंतकात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम दिसते. पेडणे महालातील मोरजी येथील मोरजाईचे देऊळ त्याकरिता प्रसिद्ध आहे. शिंपल्यांचा चुना गूळ घालून मुरवावयाचा, त्याचा पांढराशुभ्र गिलावा करावयाचा, तो ओला असतानाच त्यावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि लोखंडी टोच्याने तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा पाडावयाचा, अशी ही रीत. दोनच रंग, पण देवळाच्या भिंतीला शालू नेसवल्यासारखी शोभा येते.

आता वाडा आणि देऊळ सोडून झोपडीकडे चला. ठाणे-पालघरकडील वारली बांधवांच्या घरी लग्न निघाले की भिंतीवर चौक लिहितात. शेण आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्या सामुग्रीवर पालघट देवी भिंतीवर अवतरते. हा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. पुढे १९७० नंतर डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. जे काम स्त्रियांनी लग्नापुरते करावे असा दंडक होता, ते एका पुरुषाने हाती घेतले, म्हणून देवी कोपली नाही. उलट तिचे नाव सातासमुद्रापार गेले. हा मुद्दा आपण मनात ठेवावा. मला पुढे त्याचा उपयोग करावयाचा आहे.

आणि आपल्या घरी काय होते? आपणांपैकी जे साठीच्या पुढे आहेत, त्यांना आठवत असेल. लग्नाची तिथी निघाली की घराला चुना लागे. मग दाराच्या दोन्ही अंगांस भालदार-चोपदार उभे राहत. चौकटीवर गणपती बसे. एका बाजूस केळीचा खांब, दुसरीकडे सोंडेत माळ धरलेला हत्ती, पिसारा पसरलेला मोर, कमळे, वेली आणि वर ठसठशीत अक्षरांत 'सुस्वागतम्'. तांबडा रंग गेरूचा, पांढरा चुन्याचा, निळा कपड्यांच्या निळीचा, काळा दिव्याच्या काजळीचा. चितारी परवडला तर चितारी, नाहीतर गावचा मास्तर, आणि तोही न मिळाला तर घरच्या बायका. पुढच्या दिवाळीत चुन्याचा हात फिरला की ते चित्र जाई. त्याची हळहळ कोणी करीत नसे. नव्या लग्नाला नवी भिंत मिळे.

आज आपण भिंत रंगवीत नाही, विकत घेतो. छापील कागद मिळतो, तो चिकटवतो. लग्नघरापुढे छापील फलक टांगतो आणि तिसऱ्या दिवशी तो कोठे तरी कचऱ्यात पडतो. मी यंत्राचा द्वेष्टा नाही. परंतु घरातील प्रत्येकाने ज्याला हात लावला, अशी एक तरी वस्तू घरात असावी, असे मला वाटते. आणि त्या दृष्टीने भिंतीसारखी जागा नाही. भिंतीपुढे एका वेळी पाच माणसे उभी राहू शकतात. खालच्या पट्टीला नातवंडे रंग लावतात, मधल्या भागाला सून आणि मुलगा, आणि स्टुलावर बसून आजी सूचना देते. असे दुसरे कोणते काम घरात उरले आहे?

आता ज्या मुद्द्यासाठी मी आपला वेळ घेतला, तो सांगतो. आमच्या घरी माझ्या वडिलांची थोरली बहीण होती. आम्ही सगळी मुले तिला आक्का म्हणत असू. एकोणिसाव्या वर्षी तिला वैधव्य आले आणि ती माहेरी परतली ती कायमची. तिच्या हाताला अशी काही देणगी होती की सारवलेल्या जमिनीवर तिने बोटाने मोर काढला तर कोंबडीही बिचकावी. पण लग्नाच्या भिंतीला तिने हात लावावयाचा नाही, असा घरचा रिवाज. मग व्हावयाचे असे : आदल्या रात्री माजघरात कंदिलापाशी बसून आक्का तांबड्या कागदावर हत्ती काढी, त्याच्या रेषेवरून सुईने भोके पाडी आणि कागद बाहेर पाठवून देई. सकाळी सुवासिनी तो कागद भिंतीला लावीत, गेरूची पुरचुंडी त्यावर आपटीत, आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून हत्ती रंगवीत. एकदा कागद सोंडेपाशी फाटला. वळण कोणालाच जमेना. तेव्हा दहा वर्षांच्या मला आत पिटाळण्यात आले, 'आक्काला विचार, सोंड कोठून वळवायची?' आक्काने माझ्या तळहातावर बोटाने वळण काढून दाखविले. मी बाहेर येऊन ते माझ्या हाताने भिंतीवर काढले. सर्वांनी माझे कौतुक केले. भिंत आक्काची, हात माझा. ती दाराआडून पाहत होती.

बंधुभगिनींनो, त्या कुटुंबात दुष्ट असे कोणीही नव्हते. आक्काला जेवावयाला चांगले मिळे, आजारात तिची शुश्रूषा होई, मुले तिच्या कुशीत निजत. तिच्या कलेची सर्वांना गरज होती. नको होता तो फक्त तिचा हात. रूढी अशीच असते. प्रेमळ माणसांच्या घरात ती चुलीच्या धुरासारखी भरून राहते आणि सवयीने तो धूर कोणाच्या डोळ्यांना झोंबेनासा होतो.

हे सारे जुने झाले, असे आपण म्हणाल तर मी आपणांस अलीकडची गोष्ट सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. त्या गावच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की, पती निवर्तल्यावर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असे सुचविले. रूढी गेली असती तर २०२२ साली असा ठराव करण्याचे कारणच पडले नसते. ठराव ग्रामपंचायतीने करावा हे योग्यच. परंतु हळदीच्या वेळी घरातील कोणती बाई मागे सरते, तिला पुढे या असे कोण म्हणते आणि कोण म्हणत नाही, हे ग्रामपंचायतीला दिसत नाही. ते घरच्यांनाच पाहावे लागते. मशे यांनी वारल्यांचा चौक हाती घेतला आणि देवी कोपली नाही; तर मग आपल्या घरच्या आत्याने, मावशीने, वहिनीने लग्नाच्या भिंतीवर गणपती रेखाटला म्हणून गणपती कसा कोपेल?

एवढे बोलून मी आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. 'चित्र काढा' असे सांगून रीत न सांगणे हे मास्तराला शोभत नाही.

पहिले काम भिंतीची निवड. ज्या भिंतीला ओल आहे, जिच्या पलीकडे न्हाणीघर आहे, जिच्यावर दिवसभर ऊन पडते किंवा जिच्यालगत शेगडी आहे, ती घेऊ नये. ओल डोळ्यांना दिसतेच असे नाही. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून ठेवावा आणि एक दिवस-रात्र जाऊ द्यावी. आतल्या अंगास दंव धरले तर ती भिंत अजून वाळलेली नाही, असे समजावे. नव्या गिलाव्याला पाणी मारणे संपल्यावरही निदान महिना-दीड महिना थांबावे. हंगामाचे म्हणाल तर दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. पावसाळ्यात हे काम काढू नये.

दुसरे काम भिंतीची तयारी. तळहात भिंतीवर घासून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटलेला आहे. त्यावर नवा रंग दिल्यास पोपडे धरतील. तो खरवडून काढावा, भेगा आणि खिळ्यांची भोके पुट्टीने भरावी, सुकल्यावर पॉलिशपेपरने सारखे करावे, भुकटी ओल्या फडक्याने पुसावी आणि मग प्रायमरचा हात द्यावा. येथे एक सावधगिरीची सूचना आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो. केंद्र शासनाने २०१६ साली नियम करून १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असे बंधन घातले. त्यापूर्वीचा रंग असेल तर तो कोरडा घासू नये. त्याची धूळ मुलांच्या पोटात गेल्यास अपाय होतो. तेथे जागा ओली करून घासावी आणि लहान मुलांना दूर ठेवावे. अजिंठ्याचा पहिला धडा हाच होता. ज्याने तयारीत चार दिवस घालविले, त्याचे चित्र पुष्कळ वर्षे टिकते.

तिसरे काम आराखडा. भिंतीवर एकदम कुंचला टेकवू नये. समजा, भिंतीचा चितारावयाचा भाग १० फूट रुंद आणि ८ फूट उंच आहे. १० इंच रुंद व ८ इंच उंच कागदावर आधी चित्र काढावे आणि त्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखावेत. ते ८० होतील. भिंतीवर एक-एक फुटाचे ८० चौकोन आखावेत. उभ्या रेषेसाठी ओळंबा सोडावा, आडव्या रेषेसाठी पाणसळ लावावी. घराची फरशी वा छत सरळ असेलच असे नाही, यास्तव त्यांवरून मोजू नये. गवंड्याप्रमाणे रंगाची भुकटी लावलेली दोरी ताणून झटका दिला की रेष उमटते. मग कागदावरील एकेका चौकोनात जे दिसते, तेवढेच भिंतीवरील त्याच चौकोनात खडूने काढावे. ज्याला हत्ती काढता येत नाही, त्यालाही एका चौकोनातील एक वाकडी रेष काढता येते. अशा ८० रेषांचाच हत्ती होतो. शाळेत नकाशे मोठे करण्याची आमची हीच रीत होती.

भगिनींना याहून सोपा मार्ग ठाऊक आहे. रांगोळीसाठी उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद घराघरांत असे. तोच भिंतीवर धरून ठिपके उमटवून घेतले तर वेलबुट्टीची जाळी हां हां म्हणता तयार होते. एकच आकृती अनेकदा काढावयाची असेल तेव्हा मघाशी सांगितलेला सुईने टोचलेला कागद, ज्याला चितारी लोक खाका म्हणतात, तो करावा. एका खाक्यावर दहा मोर निघतात.

चौथे काम रंग. एक मोठा डबा पांढऱ्या इमल्शनचा घ्यावा. इतर रंग सावकाश जमवावे. तांबूस, पिवळा, काळा, हिरवा व निळा या स्टेनरच्या लहान बाटल्या घेऊन पांढऱ्यात मिसळल्या की हव्या तितक्या छटा होतात. मात्र स्टेनर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणापेक्षा अधिक घालू नये. गडद रंग हवा असेल तर तो दुकानातूनच यंत्रावर करवून घ्यावा. ८० चौरस फुटांच्या पार्श्वभूमीस दोन हातांसाठी साधारण सव्वा ते दीड लिटर रंग लागतो. एखादी छटा तयार कराल ती पुरेशी, एकाच वेळी करा. मागाहून तीच छटा पुन्हा साधणे कसबी रंगाऱ्यालाही कठीण जाते. हा रंग सुकला की किंचित गडद दिसतो, म्हणून आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळवून पाहावा. दोन हातांमध्ये निदान चार तासांचे अंतर ठेवावे. कुंचले तीन पुरेत : दोन इंची चपटा, अर्धा इंची चपटा आणि रेषांसाठी बारीक गोल. काम संपताच ते पाण्याने धुवावेत.

पाचवे काम क्रमाचे. आधी पार्श्वभूमी, मग मोठे आकार, मग लहान, आणि सर्वांच्या शेवटी रेषा. वरून खाली यावे, म्हणजे ओघळ पडला तरी तो अजून न रंगविलेल्या भागावर पडतो. उजवा हात चालविणाऱ्याने डावीकडून उजवीकडे जावे, म्हणजे ओल्या रंगावर हात घासत नाही. दर अर्ध्या तासाने दहा पावले मागे सरून पाहावे. जवळून जे ओबडधोबड दिसते ते दुरून ठीक असते, आणि जवळून जे फार नाजूक वाटते ते दुरून दिसतच नाही. चित्राला काठ अवश्य ठेवावा. साडीला काठ नसेल तर ती जशी उघडी-बोडकी वाटते, तसेच भिंतीवरील चित्र काठाविना वाटते. उंचावर काम करताना खुर्चीवर खुर्ची रचू नये. घोडा आणावा आणि खाली एका माणसाने तो धरावा. विजेची बटणे उघडण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे.

आता काढावे काय? छापील पुस्तकातून काश्मीरचे सरोवर उतरवून घेण्यापेक्षा आपले ते काढावे. ज्या गावाहून आपले कुटुंब शहरात आले, त्या गावची नदी, तिचा घाट, वेशीवरचा वड, कुलदैवताचे शिखर, पडवीतील झोपाळा, परसातील फणस. मुलाने गाव पाहिलेला नसेल तर ते काढता काढता त्याला सांगता येईल. ज्यांचा गाव धरणाच्या पाण्याखाली गेला, अशीही कुटुंबे महाराष्ट्रात आहेत. त्यांना तर तो गाव आता भिंतीवरच पाहावयास मिळेल. वडीलधाऱ्या माणसाला मधे बसवून विचारा, 'आपल्या दाराची चौकट कशी होती? विहीर कोणत्या अंगास होती?' पाहा, महिनोन् महिने न बोललेले म्हातारे माणूस कसे बोलू लागते ते.

काही आक्षेपांची उत्तरे थोडक्यात देतो. 'आम्हाला चित्र येत नाही' असे पुष्कळ जण म्हणतात. भौमितिक नक्षी, वेलबुट्टी, वारली धाटणीची काडीकाडीची माणसे यांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा उत्तीर्ण असावे लागत नाही. 'घर भाड्याचे आहे' असे दुसरे म्हणतात. मालकाची संमती घ्यावी. ती न मिळाल्यास प्लायवुडच्या फळीवर किंवा ताणलेल्या कापडावर चित्र काढून टांगावे. घर बदलले तरी भिंत बरोबर येईल. 'बिघडले तर?' हा तिसरा आक्षेप, आणि खरी भीती याचीच असते. शेजारी काय म्हणतील, पाहुणे हसतील, पैसा वाया जाईल. त्यांना माझे सांगणे असे की, आपल्या आज्या-पणज्यांची चित्रे दर दिवाळीला चुन्याखाली जात. म्हणूनच त्यांचा हात निर्भय होता. भिंत म्हणजे शिलालेख नव्हे. बिघडली तर पांढरा हात द्यावा आणि पुन्हा आरंभ करावा. मुलांना लिहिण्याची भीती वाटू नये म्हणून आपण त्यांना पाटी देत होतो, पुसता येणारी. घराची भिंत ही घराची पाटी आहे.

आता शेवटी मंडळापुढे आणि आपणां सर्वांपुढे माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली अशी. ज्या घरी येत्या वर्षात कार्य निघेल, त्या घराने एक भिंत घरच्या हातांनी चितारावी. आणि त्या भिंतीवरील पहिली रेष घरातील अशा स्त्रीच्या हातून ओढवावी, जी आजवर मंगलकार्यात मागे उभी राहत आली. तिला कोणी उपकार म्हणून बोलवू नये. 'मावशी, आपण आल्याखेरीज भिंतीचा आरंभ व्हायचा नाही' असे घरच्या कर्त्या पुरुषाने आणि कर्त्या स्त्रीने तिला जाऊन सांगावे. ती संकोचेल, नको म्हणेल. कदाचित इतर बायकाच कुजबुजतील. त्या वेळी घरातील तरुण सुनांनी आणि मुलींनी तिच्या शेजारी कुंचला घेऊन उभे राहावे. एकदा भिंतीला हात लागला की मग हळदीला, ओटीला, आशीर्वादाला तो हात अडविणे कोणालाच सोपे जाणार नाही.

दुसरी सूचना लहान आहे. चित्र पुरे झाल्यावर त्याच्या खालच्या काठात तिथी, साल आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सर्वांची नावे लिहावीत. लहान मुलाने एक पान रंगविले असेल तर त्याचेही नाव लिहावे. कोणी खाका करून दिला असेल तर त्याचे नाव प्रथम लिहावे. जुन्या भिंतींवर चित्रे दिसत. ती कोणी काढली हे दिसत नसे. आपल्या घरातील पुष्कळ माणसांचे श्रम असेच निनावी गेले. यापुढे ते तसे जाऊ नयेत, एवढीच माझी इच्छा आहे.

  आपली घरे नांदती राहोत, त्यांच्या भिंती कोरड्या राहोत, आणि त्यांवर घरातील प्रत्येक हाताला जागा मिळो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.